पायली बदलली, आकडा तोच

प्रति,
डिजिटल गिटार अ‍ॅम्प आणि अ‍ॅम्प मॉडेलर बनवणाऱ्या कंपन्यांचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहिणारे इंजिनिअर, आणि ते बाजारात कधी सोडायचं हे ठरवणारे त्यांचे साहेब यांना,

सप्रेम जोहार.

मी गडचिरोली जिल्ह्यातला, वडसा-आरमोरी रस्त्यावरच्या एका गावचा. पावसाळ्यात घरचं धान, वर्षभर बाजारचौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार, असा माझा पसारा. झाडीपट्टी म्हणजे काय हे तुमच्या ऑफिसात कोणाला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या चार जिल्ह्यांत कापणी आटोपली की गावोगाव नाटकं लागतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. पडदा दहाच्या पुढे कधीतरी उघडतो आणि लोक घरी निघतात तेव्हा कोंबडा आरवलेला असतो. या नाटकांचं मुख्य ठाणं म्हणजे वडसा. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

या नाटकांत गाणं भरपूर असतं. ऑर्गन, तबला आणि आता ऑक्टोपॅड ही घरची वाद्यं, गिटार पाहुणी. ऑक्टोपॅडवाल्याच्या ढोपराला ढोपर लावून मी बसतो आणि रात्रभरात फार तर तासभर वाजवतो. पण जिथे वाजवतो तिथे ती लागतेच. व्हिलनचा पहिला प्रवेश, हिरोईनच्या बापाचा मृत्यू, आणि मध्ये डान्सची गाणी.

पाच-सहा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका मित्राचा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प मी दोन नाटकांसाठी उसना आणला होता. त्याच्या खोलीत तो असा वाजला होता की मला रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे आणला आणि पहिल्याच रात्री त्याची रयाच गेली. नाटक गावच्या लाइनवर होतं, आजूबाजूला रब्बीचे पंप सुरू होते. व्होल्टेज उतरला की ट्यूब अ‍ॅम्प मऊ पडतो, लवकर फाटतो. रॉकमधला नावाजलेला गिटारवाला एडी व्हॅन हॅलन व्हेरिअ‍ॅक, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, लावून मुद्दाम व्होल्टेज उतरवायचा म्हणतात. आमच्याकडे ते काम पंप फुकटात करतात. दुसऱ्या रात्री जनरेटर होता, तेव्हा तोच अ‍ॅम्प काचेसारखा टणक वाजला. नॉब मी हलवले नव्हते.

म्हणून डिजिटल डबा घेतला, खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज गणितानं काढणारा. जुना, वापरलेला, एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून, दोन हंगामांच्या मानधनातून. डब्याला 180 व्होल्ट काय आणि 240 काय, अ‍ॅडॉप्टर सांभाळून घेतो. त्यात किती अ‍ॅम्प आहेत आणि किती पेडल, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मी आजवर चारच अ‍ॅम्प वापरलेत. मला एकच गोष्ट हवी होती. काल वाजला तसा आज वाजावा.

तीन हंगाम तो तसा वाजला. मग मी अपडेट केलं.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला अपडेटला घाबरणारा खेडवळ समजाल. फोनला फ्लॅश मारणं हे माझं रोजचं काम आहे. अडकलेला फोन, लोगोवरच थांबलेला फोन, चुकीची फाइल टाकून मेलेला फोन, सगळे माझ्या टेबलावर येतात. फर्मवेअर म्हणजे काय आणि ते का बदलावं लागतं हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा समजावतो. अपडेटनंतर फोनचा चेहरा बदलला म्हणून रडकुंडीला आलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात, आणि खरं सांगतो, त्यांना मनातल्या मनात हसलोही आहे.

डिसेंबरात चार दिवसांची सुट्टी होती, नागपूरला गेलो होतो. डब्याचा एक फूटस्विच, म्हणजे पायानं दाबायचं बटण, कधीकधी एकदा दाबला तरी दोनदा दाबल्यासारखं करायचा. गाण्याच्या मध्ये डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाज, लागून लगेच बंद. नव्या आवृत्तीच्या टिपणात पहिलीच ओळ होती की हा दोष दूर केला आहे. त्याखाली आणखी बरंच काही, आणि शेवटून दुसरी ओळ: काही अ‍ॅम्प मॉडेलचा फील आणि अचूकता सुधारली. मी वाचली आणि पुढे गेलो. सुधारली म्हणतात तर चांगलंच असेल. लॅपटॉप लावला, फाइल टाकली, डबा परत सुरू झाला, त्यानं पाच मिनिटं सगळे प्रीसेट, म्हणजे मी जपून ठेवलेल्या सेटिंग, नव्यानं बांधले. फूटस्विच एकदम शहाणा झाला होता. हेडफोन लावून दोन-चार तारा छेडल्या, बरं वाटलं, पिशवीत भरला.

तिसऱ्या रात्री सिंदेवाहीकडच्या एका गावात नाटक होतं. दुसऱ्या अंकात व्हिलन येतो तेव्हा ऑर्गन मास्तर खर्जातला एक सूर धरून ठेवतात, दिवे उतरतात, आणि त्या सुरावर माझी एक कॉर्ड पडते. हळू छेडली तर ती साफ असते, जोरात मारली तर फाटते. मी ती जोरात मारतो, ती करकरत फाटते आणि हळूहळू साफ होत विरते. ती विरेपर्यंत व्हिलन उभा राहतो, मग पहिलं वाक्य बोलतो. तीन वर्षांत आमचं असं बसलं आहे. कोणी ठरवलं नव्हतं.

त्या रात्री कॉर्ड मारली आणि ती फाटलीच नाही. जाडजूड, गोल, खालून घुमणारा आवाज आला, भोंग्यांनी तो घुम् करून गिळला, आणि पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "सर्किट गेला का बे?" व्हिलन फाटण्याची वाट पाहत उभा. शेवटी ऑर्गन मास्तरांनी सूर सोडला तेव्हा तो बोलला, तोवर लोक हसले होते. मी पुढच्या प्रवेशाआधी गेन, म्हणजे आवाज किती फाटावा हे ठरवणारा नॉब, वाढवला, तर साफ आवाजातलं विरह गीत खरखरीत झालं. कमी केला तर कॉर्ड मेली. रात्रभर वाकून नॉब फिरवत बसलो.

चहाच्या वेळी मास्तर म्हणाले, "का गा बाबू, डब्बा बिमार हाय का आज?"

"नाही जी, अपडेट केलो."

"मांगचा आन वापस."

सत्तरीच्या माणसाला जे तीन शब्दांत सुचलं ते तुमच्या व्यवस्थेत किती अवघड आहे, त्यावर पुढे येतो.

आधी मी माझेच कान तपासले. थंडीची रात्र, उघडं पेंडॉल, वेगळा साऊंडवाला. दोष त्यांचाही असू शकत होता. माझ्या नशिबानं दिवाळीच्या तालमीत मी यूएसबीवरून लॅपटॉपवर रेकॉर्डिंग केलं होतं, एका ट्रॅकवर गिटारचा कोरडा सूर आणि दुसऱ्यावर डब्यातून निघालेला. घरी येऊन तोच कोरडा ट्रॅक त्याच प्रीसेटमधून परत वाजवला. रिव्हर्ब आणि डिले बंद ठेवले. मग जुना आवाज आणि नवा आवाज एकावर एक ठेवून एकाचा फेज उलटा केला. दोन्ही आवाज हुबेहूब असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात, उरते शांतता. माझ्याकडे शांतता उरली नाही. खाली ढबढब उरली आणि वर मधमाश्यांसारखी गुणगुण.

मग नवा आवाज दीड डेसिबलनं मोठा आहे हे लक्षात आलं. तो उतरवून बरोबरीला आणला तेव्हा उरलेला कचरा बराच कमी झाला. म्हणजे मला जे वेगळं वाटत होतं त्यातलं निम्मं नुसतं मोठेपण होतं, हे मान्य करतो. जरा मोठा आवाज नेहमीच जाडसर आणि भारी वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्येच दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढवला की ते पुढे येतात. हेडफोनवर मला बरं का वाटलं आणि भोंग्यावर का बुडलो, त्याचं एक कारण तेही.

पण निम्मं उरलंच. आणि ते नेमकं तिथे उरलं जिथे माझा प्रीसेट राहतो. पूर्ण साफ ठेवलेला अ‍ॅम्प किंवा पूर्ण फाडलेला अ‍ॅम्प घेतला तर जुन्या-नव्यात फार फरक नव्हता, मी ते तपासलं. फरक पडतो तो साफ आणि फाटका यांच्या बांधावर. तिथे ट्यूबच्या बायसचं गणित जरासं हललं, पॉवर सप्लाय किती दबतो याचा आकडा बदलला, आत येणाऱ्या सिग्नलची पातळी थोडी इकडेतिकडे झाली की फाटण्याची जागाच सरकते. बांधावर चालणाऱ्याला वीतभर सरकलेला बांध लगेच कळतो. तुमच्या चाचण्या कोणत्या प्रीसेटवर होतात मला माहीत नाही, पण जोरजोरात फाडलेल्या रिफवर होत असतील तर हा फरक तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही.

प्रीसेट म्हणजे आवाज, असं आम्ही वाजवणारे समजतो. तसं नसतं हे मला त्या रात्रीनंतर नीट कळलं. प्रीसेटमध्ये फक्त आकडे असतात. गेन 4.2, बास 3.5, प्रेझेन्स 6. त्या 4.2 चा अर्थ काय, तो तुमच्या फर्मवेअरमध्ये असतो. आमच्याकडे अजूनही घरोघरी धान पायलीनं मोजतात. समजा मी शेजाऱ्याकडून दहा पायली नेले आणि वहीत दहा पायली लिहून ठेवले. उद्या कोणी रात्रीतून घरातली पायलीच बदलली, तर वहीतला आकडा तसाच राहील. मी दहाच पायली परत देईन आणि तरी भांडण होईल. तुम्ही माझ्या वहीला हात लावला नाही, हे खरं आहे. पायली बदलली.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते टिपणातच लिहिलं होतं. नवं मॉडेल मूळ अ‍ॅम्पच्या जास्त जवळ आहे. असेल. पूर्वी चिप लहान होत्या, गणितं आटोपशीर करावी लागत, आता तसं राहिलं नाही. एक सुधारणा तर मला मनापासून पटते. डबा सेकंदाला 48 हजार नमुने घेतो, म्हणजे 24 हजार हर्ट्झच्या वरचं त्याला धरता येत नाही. डिस्टॉर्शन वरच्या हार्मोनिक्सचं, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या सुरांचं, पीक काढतं, ते त्या रेषेच्या वर गेलं की उलटं वळून खाली येतं आणि सुराशी नातं नसलेली कर्कश धूळ बनून बसतं. आतल्या आत जास्त नमुने घेऊन ही धूळ कमी करता येते, आणि तुम्ही ती कमी केली असेल तर तो उपकारच आहे. फक्त एक घोळ होतो. ती धूळ होती म्हणून मी तीन वर्षांपूर्वी वरचा ट्रेबल कापून ठेवला होता. तुम्ही धूळ झाडली, माझा काप तिथेच राहिला, आणि आवाज घोंगडीखाली गेला. दार खाली घासत होतं म्हणून मी उंबरठा तासला. आता तुम्ही दार उचलून बसवलं आणि फटीतून वारा येतोय. दार सरळ झालं, यात वाद नाही.

आणि मूळ अ‍ॅम्पच्या जवळ म्हणजे कोणत्या? त्या काळच्या रेझिस्टर-कपॅसिटरची किंमत छापल्यापेक्षा दहा-वीस टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचं होतं. एकाच वर्षाचे, एकाच नावाचे दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवले तर ते सारखे वाजत नाहीत. तुम्ही ज्याच्या जवळ गेलात ती तुमच्या लॅबमधली एक पेटी आहे, त्या शहराच्या व्होल्टेजवर. ती पेटी मी पाहिलेली नाही, पाहण्याचा योगही नाही. माझा मूळ अ‍ॅम्प तुमचा डबाच. मी जो आवाज घेतला, ज्यावर मास्तरांनी सूर बसवला, ज्यावर एक नट उभा राहायला शिकला, तो त्या आवृत्तीचा होता.

तुमच्याच धंद्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात एक अ‍ॅम्प तयार झाला. समोर अमेरिकेतल्या फेंडर बासमनचं सर्किट होतं, जवळजवळ तसंच उचललेलं. पण सुटे भाग तिकडे सहज मिळणारे घेतले, काही ट्यूब बदलल्या, स्पीकर जेन्सनऐवजी सेलेस्टियनचे बसवले. आवाज बदलला. पुढचा सगळा रॉक त्या बदललेल्या आवाजावर उभा राहिला. आणि त्या माणसांनी त्या अ‍ॅम्पला बासमन म्हटलं नाही. जेटीएम 45 म्हटलं. सर्किट तेच असूनही आवाज वेगळा झाला तर नाव वेगळं द्यायचं, एवढं भान त्या दुकानात होतं. तुम्ही सर्किटचं गणितच बदलता आणि नाव तेच ठेवता.

हे करता येत नाही असं नाही. लाईन 6 या कंपनीनं 2022 मध्ये तिच्या हेलिक्स या मॉडेलरच्या 3.50 आवृत्तीत कॅबची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, सगळी यंत्रणा नव्यानं बांधली, आणि जुने कॅब काढून न टाकता 'लेगसी' नावाखाली तिथेच ठेवले. जुना प्रीसेट जुन्या कॅबवर वाजत राहतो, नवा हवा असेल तर वाजवणारा स्वतःच्या हातानं बदलतो. मी त्या कंपनीचा गिऱ्हाईक नाही, पण हे वाचून बरं वाटलं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर अ‍ॅम्पचं मॉडेल म्हणजेच एक फाइल असते. कॅप्चर केलेल्या आवाजाचा सारा अर्क त्या फाइलीत, माझ्या पेन ड्राइव्हवर. घरची पायली घरी.

तुमच्या डब्यात जागा कमी असते, जुनं किती काळ सांभाळायचं, हा प्रश्न खरा आहे. प्रत्येक आवृत्तीतला प्रत्येक अ‍ॅम्प जपून ठेवा असं मी म्हणत नाही. पण ज्या अ‍ॅम्पचा आवाज बदलला तेवढा तरी जुन्या नावानं राहू द्या, आणि नव्याला नवं नाव किंवा मागे एक आकडा लावा. तेही शक्य नसेल तर निदान टिपणात सरळ लिहा. 'फील सुधारला' हे वाक्य आमच्या पानठेल्यावरच्या गप्पांना शोभतं. कोणता अ‍ॅम्प, काय बदललं, आवाज किती डेसिबलनं वर-खाली झाला, कमी गेनवर काय होईल, एवढं लिहायला अर्धं पान पुरतं. ते वाचलं असतं तर मी अपडेट मंडईच्या आधी तालमीत केलं असतं, भर हंगामात नाही.

आणि दुरुस्ती वेगळी सोडा, सुधारणा वेगळी. मला हवा होता एक फूटस्विच. तो मिळवण्यासाठी अ‍ॅम्प बदलून घ्यावा लागला. माझ्या दुकानात चार्जिंगचा पिन बदलायला आलेल्या माणसाच्या फोनचा डिस्प्ले मी न विचारता बदलून दिला, तोही जास्त चांगला म्हणून, तर तो मला बाजारचौकात उभा करेल.

आता मास्तरांच्या तीन शब्दांवर येतो. मांगचा वापस आणणं. माझ्या डब्याच्या कंपनीच्या पानावर फक्त चालू आवृत्तीची फाइल होती. जुनी कुठेच नाही. विचारणा केली तर उत्तर आलं, सर्वोत्तम अनुभवासाठी नवीनतम आवृत्ती वापरावी. शेवटी नागपूरच्या मित्राच्या लॅपटॉपवर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये वर्षभरापूर्वीची फाइल सापडली. त्यानं ती पाठवली, पण आमच्या गावात रेंज इतकी गुणाची की चौथ्या प्रयत्नात पूर्ण उतरली, तीही पहाटे तीनला टाकीजवळ उभं राहून. मागे गेलो तेव्हा ग्लोबल सेटिंग सगळी पुसली गेली होती. आउटपुट लाइनवरून इन्स्ट्रुमेंटवर, बाहेरचा ईक्यू सपाट. अपडेटच्या वेळीही हेच झालं असणार आणि मी पाहिलं नव्हतं, म्हणजे त्या रात्रीच्या गोंधळात त्याचाही हात असेल. मधल्या दहा दिवसांत नव्या आवृत्तीत जपलेले दोन प्रीसेट जुनीत उघडलेच नाहीत. ते गेले ते गेले.

फोनच्या धंद्यात कंपन्या मागे जायची वाट बंद करतात, त्याला निदान सुरक्षेचं कारण असतं. गिटारच्या डब्यात कोणाचं बँक खातं नाही. जुन्या फाइली एका कोपऱ्यात ठेवून द्यायला तुमचं काय जातं?

जुनी आवृत्ती टाकल्यावर पहिलं नाटक ब्रह्मपुरीकडे होतं. दुसऱ्या अंकात कॉर्ड मारली, ती फाटली, विरली, व्हिलन बोलला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ऑर्गनवरचा हात दुसऱ्या पट्टीकडे गेला होता.

आपला,
झाडीपट्टीतला एक गिटारवाला

ता. क. जुन्या आवृत्तीबरोबर फूटस्विचचा दोषही परत आला आहे. गेल्या आठवड्यात डान्सच्या गाण्यात त्यानं पुन्हा एकदाचे दोन केले. सध्या मी तो स्विच चिकटपट्टीनं बंद करून शेजारच्यावर काम चालवतो. तेवढी एक दुरुस्ती, बाकी कशाला हात न लावता, वेगळी काढून पाठवता आली तर होळीच्या आधी पाठवा. होळीनंतर नाटकं कमी होतात, आणि मग धानाच्या कामात डबा कपाटात जातो.